बाबांचं लिव्हर

लिव्हर बिघडलं म्हणजे दारू, एवढंच आमच्या लालबागच्या चाळीला ठाऊक होतं. गिरण्यांचा संप फसल्यावर कितीतरी घरांत तेच झालं होतं. त्यामुळे सोनोग्राफीत बाबांच्या लिव्हरवर चरबी निघाली, तेव्हा आईने परळच्या डॉक्टरांसमोरच त्यांना विचारलं, "कुठे जाऊन पिता? खरं सांगा."

बाबांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. ते खाली मान घालून बसले. त्या गप्प बसण्याचाच मला संताप आला. रिपोर्ट हाती आल्यावर घरी मीही त्यांचा पेला चोरून हुंगला होता.

डॉक्टरांनी आईला थांबवलं. "काम काय करायचे हे?"

"गिरणीत कापड विणायचे. दिवसभर साच्यांमधून, मागांच्या रांगांतून फेऱ्या," आई म्हणाली. "संपानंतर घरीच आहेत."

"मग दारू कशाला हवी? माणूस चालला की पेशींतलं इंधन उतरतं. ते ओळखणारं एक प्रथिन जागं होतं आणि लिव्हरला नवी चरबी बनवू देत नाही, साठलेली जाळायला लावतं. हे बसून राहिले, तेही झोपून राहिलं. यांना इतकं बसवलं कोणी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाले, "मीच. कंटाळा, दुसरं काय!"

साफ खोटं. ते बाजाराला निघाले की हातातली पिशवी ओढून घेत, "जन्मभर उभे राहिलात, आता गप बसा," असा दम मीच द्यायचे.