कापरी रेघ

माझ्या चित्रांतली रेघ तुटक आहे. मध्येच थांबते, तिथे जाड होते, पुन्हा निघते. या रेघेवर मला पुस्तकांची कामं मिळाली, कौतुक मिळालं, आणि 'स्वतःची शैली' असलेली म्हणून मी मिरवले. ती रेघ माझी नाही. डोंबिवलीत आमच्या समोरच्या दारी राहणाऱ्या काकूंची आहे.

काकूंच्या हाताला कंप होता. तरी चैत्र लागला की त्या दारात चैत्रांगण काढायच्याच: पाळण्यातली गौर, सूर्य-चंद्र, कासव, हत्ती. हात अडेल तिथे रांगोळीचा ढीग पडायचा, हत्तीची सोंड तीन तुकड्यांत यायची. "हत्ती आहे एवढं गौरीला कळलं म्हणजे झालं," असं म्हणायच्या. मी तेव्हा चित्रकला शिकत होते. एकदा त्या माझ्यासाठी पन्हं आणायला आत गेल्या, तेवढ्यात मी ती सोंड पुसून एका दमात, झोकदार काढून ठेवली. काकू म्हणाल्या, "छान झाली गं." दुसऱ्या वर्षापासून त्या शेजारपाजार उठायच्या आत रांगोळी काढून मोकळ्या होऊ लागल्या.

पुढे माझी ती सफाईदार चित्रं कुणाच्या लक्षातच राहीनात. आज एकाचं पाहून काढायचं, उद्या दुसऱ्याचं. नुसती उसनवारी. अशाच एका चैत्रात काकूंच्या दारापुढे पाय थबकला. मी मोबाईलवर फोटो काढला आणि महिनाभर घरात बसून ती रेघ गिरवली, हात हवा तेव्हा अडखळेपर्यंत. काकूंना यातलं काही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी ठाण्यात माझ्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. आई काकूंनाही घेऊन आली. उद्घाटनानंतर कुणीतरी विचारलं, ही रेघ कुठून आली? काकू पहिल्याच रांगेत होत्या. मी चार परदेशी चित्रकारांची नावं घडाघडा घेतली. त्यातल्या दोघांचं काम मी धड पाहिलेलंही नाही. शेजारणीच्या उंबऱ्यावरून उचलली, हे चारचौघांत सांगायची मला लाज वाटली.

मग काकू चित्रांपुढून सावकाश फिरल्या. एकापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. ओळखलं यांनी, असं मला वाटलं. त्या जवळ आल्या, माझा उजवा हात हातात घेतला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "तुलाही सुरू झालं का गं? एवढ्या लवकर? डॉक्टरांना दाखवलंस का?"

अजूनही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "नाही हो काकू, मी बरी आहे. ते मुद्दाम तसं काढलंय."

"मुद्दाम," त्या म्हणाल्या. माझा हात सोडला. स्वतःचा हात पदराखाली घेतला आणि आईकडे वळून म्हणाल्या, "निघू या का आपण?"