टपेनआजीचा निळा झगा

टपेनआजीच्या गाठोड्यात सोन्याची नाणी शिवलेली आहेत, हे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवणाऱ्या आमच्या वर्कहाऊसात सगळ्यांना ठाऊक होतं. नाहीतर जुने जहाजी दोर उसवत आणि पाणचट लापशी ओरपत सव्वीस वर्षं इथे कोण राहील?

साफ खोटं. इथे आल्या आल्या अंगावरचे कपडे काढून घेतात, चिठ्ठी लावून कोठीत टाकतात आणि पट्ट्यांचा झगा चढवतात. आजीच्या गाठोड्यात होता एक निळा झगा, बस. ती इथे यायच्या आधी तिची लेक थर्झा बाराव्या वर्षी परगावी कामाला गेली. "सप्टेंबरअखेर मायकेलमसच्या जत्रेत भेटू, आई. हाच झगा घाल, लांबून दिसशील," म्हणाली, आणि गेली ती गेलीच.

दर वर्षी जत्रेला आजी इथून नाव कमी करून घ्यायची, निळा झगा घालून घोडेबाजाराच्या कोपऱ्यावर दिवसभर उभी राहायची आणि संध्याकाळी परत येऊन पट्टे चढवायची.

यंदा इथला कारभार बघणाऱ्या मेट्रन गॅडस्बीबाईंनी कोठी साफ केली. बाई नाकातून बोलतात. "कसर लागली होती, टपेन. जाळलं सगळं."

"मग जत्रेला काय घालून जाऊ, बाई?"

"जायचं कशाला? आणि आमचा झगा घालून फाटकाबाहेर गेलीस तर ती चोरी. सरळ तुरुंग."

आजीने अन्न टाकलं. दोर उसवताना बोटांतून रक्त यायचं, तरी थांबेना. "ती यंदाच आली तर?" एवढंच पुटपुटायची.

तिला हसवायला मी गॅडस्बीबाईंसारखी नाकातून बोलले, स्वतःकडेच बोट दाखवत. "टपेन, फाटक ओलांडून दाखव, या पोरीचं रविवारचं चीज तुझं."

आजी हसली नाही. "केवढा तुकडा?" म्हणाली.

जत्रेच्या सकाळी कोळशाची गाडी आत यायला फाटक उघडलं, तशी आजी पट्ट्यांच्या झग्यातच बाहेर पडली. दुपारी पोलिसाने धरलं. चौदा दिवस तुरुंग.

परतली तेव्हा गालफडं बसली होती. "तिथली लापशी घट्ट असते," बाकावर टेकत ती म्हणाली.

"थर्झा दिसली?"

"लोक पट्टे बघतात गं, तोंडाकडे कोण बघतंय? एक बाई दोनदा वळून बघत गेली. चाल तिचीच वाटली."

"मग हाक नाही मारलीस?"

"या झग्यात?"

बराच वेळ ती दोराचा पीळ सोडवत राहिली. मग हात पुढे केला.

"चीज आण."