खिडकीजवळचा अठ्ठ्याण्णव

शिरपुरात नूतन मॅडमचा कॉम्प्युटर क्लास कुठे म्हणून विचारलं, की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही, सरळ नेऊन सोडतो. मॅडम मात्र दारातच विचारणार. कोणी पाठवलं? कशाला हवंय? आणि माझ्याकडेच का? बाईचा स्वभावच संशयी. दूधवाल्याने आपणहून थोडं दूध जास्त घातलं, तरी त्या पातेल्यात डोकावून बघायच्या. यजमान प्रेमराव कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले, अगदी साधे गृहस्थ. ते म्हणायचे, "नूतन, देव जरी प्रसन्न झाला ना, तरी तू त्याच्याकडे आधार कार्ड मागशील."

"मग? मागायला नको?" मॅडम विचारायच्या, आणि त्यात त्यांना काही विनोद दिसायचा नाही.

आता ही खोड जडली कशी, तर त्याला कारण गावच. नव्वद सालानंतर कधीतरी मॅडम धुळ्याला जाऊन-येऊन डॉस शिकल्या आणि सासरच्या पुढच्या खोलीत क्लास उघडला. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे नव्या जावयापेक्षा जास्त मान. खोलीला एसी, काचेला जाड पडदे, चपला बाहेर. धुळीने व्हायरस येतो असं निम्म्या गावाला वाटायचं, आणि मॅडमनीही ते कधी खोडून काढलं नाही, कारण त्यामुळे फरशी स्वच्छ राहायची. पण पडदे ओढलेल्या गार खोलीत पोरी तासभर बसतात, हे लोकांच्या पचनी पडेना. सासूबाई केसरबाई तर सुपारी कातरत दाराशीच ठाण मांडायच्या.

"बठ्ठ्या पोरी पडदा लाईसन मझार काय करी ऱ्हायन्यात वं?"

"आत बसून शिकताहेत सगळ्या, आत्याबाई."

"मंग पडदा कसाले?"

पडदा एसीसाठी, हे आत्याबाईंना पटलं नाही ते नाहीच. कोणी मुद्दाम विसरलेली छत्री न्यायला यायचं, कोणी पाणी मागायला. कोणाचा भाऊ, कोणाचा काका. मॅडमनी ठरवून टाकलं की या दारातून आत येणारा प्रत्येक माणूस काहीतरी हुंगायला आलेला आहे. तिथपासून त्यांची नजर जी तिरपी झाली, ती झालीच.

कॉम्प्युटरवरही त्यांचा विश्वास असा बेतानेच. डॉसचं त्यांना आवडायचं. काळा पडदा, आपण हुकूम द्यायचा, त्याने मुकाट्याने ऐकायचं. मग डॉसच्या जागी आलं पंच्याण्णव. चित्रं काय, बटणं काय, सगळा जत्रेतला थाट! मॅडमनी पहिले काही दिवस त्याच्याकडे नव्या भाडेकरूकडे बघावं तसं बघितलं. पण एक फाईल पुसायला गेल्या, तर ते विचारतंय, नक्की पुसायची ना? मॅडम एकदम खूश. "हे माझ्यासारखं आहे," म्हणाल्या, "विचारल्याशिवाय काही करत नाही."

त्यानंतर अठ्ठ्याण्णव आलं, हिरव्या टेकडीचं एक्सपी आलं, सेव्हन आलं. प्रत्येक वेळी मॅडम आधी वैतागायच्या, मग शिकायच्या आणि मग त्याच्यावर इतका जीव लावायच्या, की पुढचं आलं की पुन्हा वैताग. आठ नंबरचं आलं तेव्हा तर त्यातलं स्टार्टचं बटणच गायब! मॅडमना वाटलं, कोणीतरी कार्ट्याने डिलीट केलं. अख्ख्या बॅचला भिंतीशी उभं केलं, "ज्याने काढलंय त्याने मुकाट्याने परत आणून ठेवावं." पोरं एकमेकांकडे बघतात, आणि बटण काही येत नाही. ते बटण कंपनीनेच काढलंय हे कळल्यावर मॅडमनी माफी मागितली नाही. म्हणाल्या, "काढलं नसेल, पण तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असेल."

त्यांची शिकवायची पद्धत मात्र पक्की. खुर्चीत बसलं की आधी माऊसचं उजवं बटण आणि रिफ्रेश. एकदा, दोनदा, तीनदा. त्याने नक्की काय होतं हे मॅडमनाही कधी कळलं नाही. पण जेवायला बसताना आपण पानाभोवती पाणी फिरवतो ना, तसं ते. शिरपूर तालुक्यातल्या निदान दोन पिढ्या रिफ्रेश केल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. आणि बंद करायचं, तर त्या जुन्या यंत्रांवर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं येईपर्यंत थांबायचं. आता बंद केलं तरी चालेल, असं त्याने स्वतः सांगितल्याशिवाय बटण दाबायचं नाही. कोणी घाई केली तर हातावर पट्टी.

आणखी एक नियम. क्लासमधल्या प्रत्येक पोरीच्या नावाचा एक फोल्डर, आणि दुसऱ्याच्या फोल्डरला हात लावायचा नाही. मॅडमनीसुद्धा नाही. इतक्या संशयी बाई, पण हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. पाड्यांवरून एसटीने येणाऱ्या पोरी, घरी स्वतःचं असं एक कपाटसुद्धा नाही, त्यांच्यासाठी तो फोल्डर म्हणजे कुलपाची पेटी. त्यात काय ठेवायच्या कोण जाणे.

क्लास वाढला तशी नवी यंत्रं आली, पण मॅडमनी प्रत्येक जातीचा एकेक कॉम्प्युटर मागच्या खोलीत जपून ठेवला. डॉसचा, पंच्याण्णवचा, अठ्ठ्याण्णवचा, एक्सपीचा, सेव्हनचा. वर भरतकाम केलेली कव्हरं. दसऱ्याला सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि एकेक सुरू करून बघायचं. अठ्ठ्याण्णव सुरू होताना ती ट्यून वाजली की मॅडम पदराने डोळे टिपायच्या. प्रेमरावांनी विचारलं तर म्हणायच्या, धूळ गेली.

यंदा मात्र मॅडमनी हात टेकले. दहा नंबरचं बंद पडणार म्हणे, आणि क्लासमधल्या यंत्रांना अकरा चालत नाही. एक नवा मागवला, तर त्या अकराने सुरू होण्याआधी ईमेल मागितला, फोन नंबर मागितला, कुठे राहता ते विचारलं. "सोयरिकीला आलेले पाहुणेसुद्धा एवढी चौकशी करत नाहीत," मॅडम म्हणाल्या, आणि क्लास बंद करायचं ठरवून टाकलं.

ही बातमी गावभर झाली, आणि एका दुपारी दीपकभाऊ आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. म्हणे जळगावला जुन्या कॉम्प्युटरांचं संग्रहालय काढतोय. "आपला काळ गेला मॅडम. पोरांना कळायला पाहिजे, आपण कशावर शिकलो. तुमच्याकडे सगळे आहेत असं ऐकलं. मी भंगारवाल्यापेक्षा चांगला भाव देतो. फक्त काही पुसू नका हं, जसे आहेत तसे द्या. आतलं सगळं तसंच पाहिजे, त्यातच खरी मजा."

मॅडमच्या मनात पाल चुकचुकली. पुसू नका? का बरं? पण माणूस बोलत होता ते त्यांच्या मनातलंच. इतक्या वर्षांत त्यांच्या त्या डबड्यांविषयी कोणी इतक्या जिव्हाळ्याने बोललं नव्हतं. त्या उठल्या, त्याला मागच्या खोलीकडे घेऊन निघाल्या, आणि पहिल्याच पावलाला थबकल्या. दीपकभाऊ बुटांसकट आत आला होता.

असेल, विसरला असेल. त्यांनी अठ्ठ्याण्णवचं कव्हर काढलं, सुरू केलं. ट्यून वाजली. मॅडमचा हात पदराकडे गेला. त्यांनी चोरून त्याच्याकडे बघितलं. तो ट्यून ऐकतच नव्हता. पडद्याकडे टक लावून बसला होता, आणि चित्रं उमटली तसा थेट माऊस धरून फोल्डर उघडायला लागला. रिफ्रेश नाही, काही नाही.

"थांबा भाऊ. आधी बंद करून दाखवा बरं," मॅडम म्हणाल्या.

तो हसला. पडदा काळा होतो न होतो तोच त्याने बटण दाबून टाकलं. नारिंगी अक्षरांची वाटसुद्धा बघितली नाही. मॅडमचा हात नकळत पट्टी शोधायला लागला. हा माणूस अठ्ठ्याण्णवच्या वाऱ्यालासुद्धा उभा राहिलेला नाही, हे त्यांना तिथेच कळलं.

"बाकीचे पण बघता का? पंच्याण्णवचा आहे, डॉसचा आहे."

"नको, नको. बाकीचे नंतर. आज मी हा खिडकीजवळचा घेऊन जातो."

मॅडमनी मान वळवून खोलीत बघितलं. मागच्या खोलीला खिडकीच नाही. अठ्ठ्याण्णव खिडकीजवळ होता तो पुढच्या खोलीत, वीस वर्षांपूर्वी, पोरी त्याच्यावर शिकत होत्या तेव्हा.

"खिडकीजवळचा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

दीपकभाऊने शर्टाची कॉलर नीट केली. मग म्हणाला, "मिसेस इथंच शिकायची. ती सांगते कधी कधी."

"कोण मिसेस?"

"कोकिळा."

कोकिळा! सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, एसटीने येणारी, खिडकीजवळच बसायला धडपडणारी. लग्न होऊन सावद्याला गेली, केळीच्या व्यापाऱ्याच्या घरी. म्हणजे संग्रहालय नाही आणि जळगावही नाही. मॅडमनी कंबरेवर हात ठेवले. "खरं बोल. काय शोधतोस?"

आता तोही गोड बोलायचा थांबला. गेल्या महिन्यात मुलीने मोबाईलवर कसला तरी व्हिडिओ लावला. जुन्या कॉम्प्युटरच्या ट्यूनांचा. कोकिळा स्वयंपाकघरातून पळत आली, ऐकत उभी राहिली आणि रडायला लागली. काय झालं विचारलं तर म्हणे, असंच. "असंच? मॅडम, कॉम्प्युटरची ट्यून ऐकून कोणी रडतं का? काहीतरी असल्याशिवाय? लग्नाआधी ती इथं बसून कोणाला काय लिहीत होती, ते मला बघायचंय. तिच्या नावाचा फोल्डर आहे ना यात?"

मॅडमना काय झालं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पडद्याबाहेर सुपारी कातरत बसलेली सासू, छत्री न्यायला आलेले भाऊ आणि काका, सगळे एकदम याच्या रूपाने समोर उभे राहिले असं त्यांना वाटलं. त्यांनी अठ्ठ्याण्णव उचलून दारापुढच्या ओट्यावर नेला, स्क्रू काढले, आतली हार्ड डिस्क उपटली आणि पायरीवर ठेवून हातोडीने हाणली. एकदा नाही, हात दुखेपर्यंत. प्रेमराव आतून धावत आले, "अगं, अगं, हे काय!" मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. पोरींच्या सगळ्या पेट्या त्यांनी आपल्या हाताने फोडल्या होत्या.

"घे," त्या म्हणाल्या. "ने आता तुझं संग्रहालय."

दीपकने चेपलेल्या पत्र्याकडे बघितलं. तो चिडला नाही. उलट त्याचा चेहरा शांत झाला, आणि मॅडमना भीती वाटली ती त्याचीच.

"बरं झालं," तो म्हणाला. "मला वाटत होतं, मीच वेडा. पण काही नसतं, तर तुम्ही एवढं फोडलं नसतं. म्हणजे होतं काहीतरी."

तो गाडीत बसला आणि गेला. मॅडमच्या हातातून हातोडी गळाली. अरे देवा! माझ्याही डोळ्यांत पाणी येतं रे ती ट्यून ऐकून, एवढंच म्हणायचं होतं. काय करून बसले मी! सावदा काही जवळ नाही, तो पोचायच्या आत पोरीच्या कानावर घालायला हवं. त्यांनी जुन्या विद्यार्थिनींकडून नंबर मिळवला आणि फोन लावला.

"अय्या, मॅडम!" कोकिळाचा आवाज तसाच होता. मॅडमनी भराभर सगळं सांगितलं. दीपक, संग्रहालय, फोल्डर, हातोडी.

"फोडला?" कोकिळा म्हणाली. "आपला अठ्ठ्याण्णव?"

"काय करू गं? त्याने बघितलं असतं."

"बरं केलंत." ती म्हणाली. "मॅडम, मी का रडले ते यांना किती वेळा सांगितलं. क्लास आठवला. तुम्ही आठवलात. घरी सगळे विचारायचे, कुठे गेली होतीस, कोण भेटलं, एवढा उशीर का. तुमच्या त्या खिडकीजवळ बसले की मला कोणी काही विचारत नव्हतं. बस, एवढंच. यांना ते पटत नाही. आता आले की पुन्हा विचारतील. विचारू देत. तुम्ही माझ्या बाजूने उभ्या राहिलात ना, मला पुरे आहे."

मॅडमनी डोळे पुसले. जिवात जीव आला. फोन ठेवायला हवा होता. पण जिभेला ती जुनी सवय, ती थोडीच थांबते.

"ते सगळं खरं गं, बाळा. पण मला सांग, मी कोणाला बोलणार नाही. त्या फोल्डरमध्ये होतं तरी काय?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"मॅडम," कोकिळा म्हणाली, "तुम्ही पण?"

आणि फोन बंद झाला. मॅडमनी परत लावला. पुन्हा लावला. तिने उचलला नाही.