उबेला ठेवलेली प्रत

लोणावळ्यात पावसाळाभर कपाटात बल्ब जळत ठेवावा लागतो. नाहीतर पुस्तकांना, चपलांना, सगळ्यालाच बुरशी धरते. माझ्या बायकोने जमवलेली गाणी संगणकावर होती आणि त्यांची दुसरी प्रत एका छोट्या डिस्कवर. ती दमट हवेने खराब होऊ नये म्हणून मी ती कायम संगणकाला जोडून ठेवत असे. हाताला कोमट लागायची, बरं वाटायचं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बायको पवनानगरकडच्या म्हाताऱ्या बायकांची भातलावणीची गाणी रेकॉर्ड करत फिरली. गाण्यात मधूनमधून तिचा हुंकार ऐकू येई. ती गेल्यावर मी गाणी ऐकतच नव्हतो, त्या हुंकाराची वाट बघत बसायचो. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

तिच्या नावाने अजून मेल येत. ते वाचायची मला सवय लागली होती. एक वीजबिल आलं, मी उघडलं. दुपारी संगणकावर लाल पाटी दिसली : तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावले आहे, पैसे भरा, किल्ली मिळेल.

वलवणहून दुरुस्तीवाला आला. त्याची नजर डिस्कवर गेली.

"काका, ही जोडलेलीच होती?"

"पावसाळा आहे ना."

"म्हणजे त्या खोट्या बिलामुळे हीपण गेली. बुरशीपासून वाचवलीत आणि चोराच्या हातात दिलीत." मग माझ्याकडे बघून तो ओशाळला. "पैसे तेवढे भरू नका. हे लोक शब्द पाळतीलच असं नाही."

मी भरले. किल्ली आली नाही.

शेवटी जीपने पवनानगरला गेलो. तिने जिच्याकडून सगळ्यात जास्त गाणी घेतली होती, ती म्हातारी ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती.

"मावशी, बाईंना सांगितलेली गाणी परत म्हणाल?"

"आता कुटं आठवत्यात! बाईच लय चिवट, खोदून खोदून काढायची." हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला.

तरी तिने एक ओळ म्हटली आणि थांबली.

"पुढची?" मी विचारलं.

"बाई हितं हं म्हनायची. त्याबिगर पुढचं येतच न्हाई."

मी "हं" म्हटलं.

तिने मान हलवली. "तसं न्हाई ओ," म्हणाली, आणि पुन्हा सूप हातात घेतलं.