पांढऱ्या वाइनची गुलाबी द्राक्षं

माझ्या सासूबाई द्राक्षांच्या मळ्यावर कलमं बांधतात. तीस वर्षं झाली. खुंटावर काडी बसवून पट्टी अशी गुंडाळतात की जोड शोधावा लागतो. वाचायला मात्र त्या बावन्नाव्या वर्षी शिकल्या, आणि तेही माझ्या तिरसटपणामुळे. औषधाची बाटली घेऊन दिवसातून तीनदा माझ्यापुढे उभ्या राहायच्या. एकदा इस्त्री करता करता मी खेकसले, "आई, किती वेळा वाचून दाखवू? स्वतः शिका की." दुसऱ्या दिवशी नातीची जुनी वही घेऊन समोर बसल्या.

तीन वर्षांपूर्वी मालकांनी पांढऱ्या वाइनच्या एका नव्या जातीच्या काड्या बाहेरून मागवल्या होत्या. त्यांची कलमं सासूबाईंनीच बांधली. यंदा त्या रांगेला पहिल्यांदा फळ धरलं आणि पिकता पिकता मणी झाले गुलाबी. मुकादमांनी ठरवूनच टाकलं की बाईंनी काड्यांची सरमिसळ केली. सोमवारी रांग उपटायची आणि सासूबाईंना कायमचं घरी बसवायचं. मालक मूळचे कापडवाले, द्राक्षं त्यांना ताटलीतली तेवढी माहीत. त्यांनी मान डोलावली.

त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. "माझे हात चुकले असतील का गं?" एवढंच विचारत होत्या. हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

शनिवारी मी वाचनालयातून द्राक्षांच्या जातींचं जाडजूड पुस्तक आणलं. काड्यांच्या जुडीवरची मराठीत लिहिलेली चिठ्ठी सासूबाईंनी शिवणाच्या डब्यात जपून ठेवली होती. नाव काय, तर गेवुर्त्सट्रामिनर. मी दोनदा अडखळले आणि नाद सोडला. त्यांनी बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत, रविवारी दुपारी ते पान शोधलंच.

सोमवारी कचेरीत मी पुस्तक उघडायला गेले, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. उभ्याउभ्या वाचायला लागल्या. "ही जात... पांढऱ्या... वाइनची. पिकल्यावर... साल... गुलाबी होते."

"मावशी, आणा इकडे, मी वाचतो," मुकादम म्हणाले.

"वाचू दे त्यांना," मालक म्हणाले.

"रस फिकाच असतो. साल... त्यात मुरू देत नाहीत. वासाला गुलाब... आणि लिची." चार ओळींना पाच मिनिटं लागली. मालकांनी रांगेतला एक घड मागवला, एक मणी बशीत चिरडला. साल गुलाबी, रस फिका. मग तो घड त्यांनी मुकादमांच्या नाकाखाली धरला. मुकादमांचं तोंड बघण्यासारखं झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

रांग राहिली, कामही राहिलं. घरी येताना सासूबाईंनी माझा दंड धरला. "तू त्या दिवशी खेकसली नसतीस, तर आज मी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले असते. फार उपकार झाले गं तुझे."

त्या खेकसण्याची माफी मागायची असं मी सहा वर्षं मनात घोळवत होते. ती राहूनच गेली. त्या मात्र आभार मानून मोकळ्या झाल्या.