आतून न उघडणारी मोटार

आधीच सांगून ठेवते, मी भित्री बाई नाही. माझे वडील अकोल्याच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. आमच्या घरात कोणी भुताचं नाव काढलं की ते चष्मा पुसत विचारायचे, "कोणी पाहिलं? कुठं? किती लांबून?" आणि भूत तिथंच संपायचं. तुमच्या या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं चहा पिता पिता हसून वाचले. आता स्वतःच लिहायला बसले आहे. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं... पण शेवटपर्यंत वाचून हसावं.

लग्न होऊन मी केनवडला देशमुखांच्या घरी आले, तेव्हा दुसरी लढाई सुरू व्हायची होती आणि वाशीमचा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. सासरी गोषा कडक. बायांनी बाहेर पडायचं ते दमणीतून, म्हणजे पडदे सोडलेल्या बैलगाडीतून. मामंजी, माझे सासरे, मोठे हौशी. त्यांनी कुठल्याशा संस्थानच्या जनानखान्यातली एक जुनी विलायती मोटार विकत आणली.

गाडी होती मात्र देखणी! मागचा भाग म्हणजे छोटी खोलीच. लाल मखमल, जाड काचा, काचांना रेशमी दोऱ्यांचे पडदे. आमच्या आणि ड्रायव्हरच्या मधली काच रंगवून टाकलेली. त्याला काही सांगायचं तर एक नळी होती. आपण आतून तोंडाशी धरून बोलायचं, ते त्याच्या कानाशी ऐकू यायचं. आणि मागच्या दारांना आतून कडीच नव्हती... काढून टाकली होती. दार उघडायचं ते बाहेरूनच. मामंजींना नेमकं तेच आवडलं. "याले म्हनतात खानदानी गाडी!" असं म्हणत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

सासूबाई म्हणाल्या, "म्हातारा हत्ती आनला. आता पोसा जलमभर."

आणि हत्तीनं खाल्लंही तसंच. आज पाणी उकळलं, उद्या टायर फुटला, परवा आणखी काही. अकोल्याचा मिस्त्री आमच्याकडे इतका राहायचा की जावयाचासुद्धा एवढा पाहुणचार झाला नसेल. मुंबईहून सामान मागवायचं, महिना महिना वाट पाहायची. पार्ट आला की बसवायचा, आणि मामंजी ऐटीत रिसोडला चक्कर मारून यायचे. गाडी एकदम ठणठणीत! मग आम्ही बाया बसलो की हमखास वाटेत बंद.

"बाया बसल्या की हिले नखरे सुचतात," म्हणून मामंजी हसायचे.

मिस्त्री एकदा म्हणाला, "मालक, मांगचा भाग एक डाव पाहू द्या मले." मामंजी भडकलेच. "जनानीच्या जागेत परका मानूस? येडा झाला काय तू?" झालं. पुढचं सगळं बदलून झालं, मागच्या भागाला कोणी हात लावला नाही. आणि मागं बसणाऱ्या आम्हाला तर कोणी विचारलंच नाही.

विचारलं असतं तर सांगितलं असतं. गाडी बंद पडायच्या आधी दाराशी खडखड व्हायची. जिथं कडी असायला हवी होती, बरोबर तिथं. एकदा मी मखमलीखाली बोटं घालून चाचपलं. लाकडावर ओरखडे होते, बारीक, एकाशेजारी एक. गाडी जुनी आहे, चालायचंच, असं मी मनाला सांगितलं. सासूबाईंनी मात्र त्या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही अशी शपथच घेतली.

मग कुसुमचं बाळंतपण आलं. कुसुम माझी नणंद. त्या घरात मला जीव लावला तो तिनंच. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुटका नाही. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "मालक, लेकरू आडवं हाये. माह्या हातचं नाही राह्यलं. वाशीमले डाक्टरीन बाईकडं न्या, लवकर."

सासूबाई म्हणाल्या, "दमणी जुंपा."

"दमणी पोचेलोक पोरगी राहीन काय?" मामंजी ओरडले. "आताच त मोटारीले नवा मॅग्नेटो टाकला!"

त्यांचंही खोटं नव्हतं. आम्ही कुसुमला मोटारीत घातलं. मागून सुईण चढायला लागली, तर मामंजींनी हात आडवा केला. "तू कायले? मखमल खराब होईन." तिची जात आड आली होती, मखमल नुसती सांगायला. मला तिथंच रडू फुटलं. त्या वेळी तिच्याइतकी गरज आम्हाला कोणाची होती? पण सासऱ्यांसमोर तोंड उघडायची रीत नव्हती. आत मी आणि कुसुम, पुढं हैदरचाचा ड्रायव्हर आणि मामंजी. माझे यजमान नागपूरला. बाहेरून दार लागलं.

वाटेतलं आमच्याकडचं मालेगाव मागं पडलं. बाजाराचा गलका ऐकू आला, मग विरला. वाशीमच्या रस्त्याला लागलो असू नसू, दाराशी खडखड सुरू झाली. मी डोळे मिटून म्हटलं, आज नको गं बाई, आज नको... आणि गाडी थांबली.

चैत्रातली दुपार. बाहेर हैदरचाचाचा आवाज आला, "मालक, दरवाजा खुलून नाही राह्यला. मुठ नुसती फिरून राह्यली." दुसरं दार, तेच. आत श्वास घ्यायला हवा नव्हती. घाम डोळ्यात जात होता, मखमल अंगाला चिकटत होती, आणि कुसुम गुरासारखी ओरडत होती. मी नळी ओढून ओरडले, "काच फोडा!"

मामंजी म्हणाले, "दम धर जरा. बैल आनाले धाडलं. लोक जमून राह्यले रस्त्यावर... उघड्यावर कसं काढाव तुमाले?"

आणि मग माझं डोकं फिरलं. ज्या सासऱ्यांसमोर मी कधी खोकलेसुद्धा नव्हते, त्यांना म्हणाले, "मामंजी, तुमची लेक मरून राह्यली इथं, अन् तुमाले लोकायचं पडलं? फोडा म्हनते ना!"

मग काचेवर घाव बसला. लोखंडी दांड्याचा. आणखी एक. आणखी एक. मामंजी स्वतः मारत होते आणि मोठ्यानं रडत होते, ते मला आत ऐकू येत होतं. काचेला तडासुद्धा गेला नाही.

मी नळी सोडली आणि कुसुमच्या मागं बसले. तिचं डोकं छातीशी घेतलं, तिचे दोन्ही हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरले. आता दोघी इथंच मरणार, असं मला स्वच्छ वाटलं. तेवढ्यात कुसुम ओरडायची थांबली. पायांकडे पाहत होती. "हो," म्हणाली. मग, "हो, करते."

"कोनाशी बोलून राह्यली गं?" मी विचारलं. गाडी जराशी दबली, कोणी जागा बदलून बसावं तशी. बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा ओव्याच्या धुरीचा वास आला. कुसुमनं एकदा जीव खाऊन जोर केला, आणि... बाळ रडलं.

माझे हात कुसुमच्या हातांत होते. एकदाही सुटले नव्हते. हे मी कोणत्याही देवासमोर सांगायला तयार आहे. बाळ तिच्या पोटावर होतं आणि त्याची नाळ पडद्याच्या रेशमी दोरीनं नीट बांधलेली होती.

आणि दार उघडलं. सहज, काही झालंच नसल्यासारखं. हैदरचाचानं मान खाली घालून खांद्यावरचा पंचा आत दिला. "मुबारक हो बाईसाब, पोरगी झाली."

बाळ अजून मीसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. "तुमाले कसं समजलं चाचा?"

"आपनच त बोलल्या नळीतून. 'लडकी हुई है, अब दरवाजा खोल.'"

मला तेव्हा हिंदुस्थानीचं एक धड वाक्य येत नव्हतं. मी मामंजींकडे पाहिलं. ते नळीच्या दुसऱ्या टोकाशी उभे होते, हातात दांडा तसाच. त्यांनीही ऐकलं होतं.

कोणाची तरी कडब्याची बैलगाडी थांबली होती. मामंजींनी स्वतः कुसुमला उचलून तीत ठेवलं. भर रस्त्यात, उघड्यावर, चार लोकांसमोर. पडद्याचं नावही काढलं नाही. हैदरचाचानं मागं मोटारीचं दार लावलं, आणि आम्ही वाशीमला निघालो.

डॉक्टरीण बाईंनी तपासून विचारलं, "मूल आतून वळवून काढलेलं आहे. कोणी केलं? चांगला सराईत हात आहे."

मी काही बोलायच्या आत कुसुम म्हणाली, "वहिनी त माह्या डोक्यापाशी होती. त्या दुसऱ्या बाईनं केलं." डॉक्टरीण बाई माझ्याकडे पाहून हसल्या. ग्लानीत बोलते म्हणाल्या.

त्या गेल्यावर कुसुमनं माझं मनगट धरलं. "वहिनी, आपन उतरलो तवा ती उठली होती. आपल्या मांगं येऊन राह्यली होती... अन् हैदरचाचानं दार लावलं."

आम्ही बाळाला घेऊन केनवडला परतलो, तोवर मामंजींनी मोटार जागेवरच विकून टाकली होती. घेणारा बैल लावून ओढत घेऊन गेला. ती बाई कोण, तिनं आम्हाला अडवलं की वाचवलं, हे मला आजही सांगता येत नाही. माझ्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते नुसता चष्मा पुसत बसले. कुसुमची लेक आता स्वतः आजी आहे. "मामी, मले कोनं घेतलं होतं पहिल्यांदा?" असं अजून विचारते. मी काय सांगू? मला एवढंच ठाऊक आहे की ते दार आतून उघडत नव्हतं, आणि तिच्यासाठी ते उघडायला आमच्यापैकी कोणीच परत गेलं नाही.