सोनूबाईचं नाक आणि सात नंबरची बाटली

सोनूबाई धुमक हिच्या नाकात दिसायला काही विशेष नव्हतं. जरासं बसकं, डाव्या बाजूला खड्याची चमकी, एवढंच. पण वाडीत त्या नाकाचा दरारा होता. आंब्याच्या आढीत कुठलं फळ आतून गेलंय, ते ती पेंढा न उचकटता सांगायची. शेजारची गंगुबाई काजूगर घेऊन यायची, कोणी तेलाचा डबा आणायचं, कोणी सुक्या बांगड्यांची परडी. सोनूबाई वाकायची, एकदा हुंगायची आणि निकाल द्यायची. त्या निकालावर अपील नसे. एकदा बाजारातल्या दुकानदाराने चिडून विचारलं, ‘‘बाई, तेल घ्यायला आलात की माझी परीक्षा घ्यायला?’’ सोनूबाई म्हणाली, ‘‘पास झालास तर घ्यायला.’’ तो पास झाला नाही.

वाडीच्या वरच्या सड्यावर, कातळ फोडून, तेलबियांवर संशोधन करणारं एक केंद्र उभं राहिलं, तेव्हा सोनूबाई तिथे बेणणीच्या कामाला लागली. जाळीच्या बंद घरात भुईमुगाच्या ओळी असत, त्यातलं तण काढायचं. येताजाता पदर, ओचा झटकून दाखवायचा, कारण तिथला एक दाणासुद्धा बाहेर न्यायला मनाई होती. एक दिवस ती प्रयोगशाळेच्या दारावरून जाताना थबकली आणि म्हणाली, ‘‘हितं कायतरी खवट झालाय.’’ आतल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. शोधाशोध केली तर मागच्या महिन्यात सांडलेलं चमचाभर तेल टेबलाच्या खणाखाली सापडलं. त्या दिवसापासून तिथल्या शास्त्रज्ञ मृणालीने तिला वास घेणाऱ्या पाचजणांत बसवलं. मृणाली दापोलीला शिकलेली, वयाने सोनूबाईच्या सुनेएवढी, आणि समजावून सांगायची हौस असलेली.

‘‘मावशी, शेंगदाण्याच्या तेलात मुख्य मेदाम्लं दोन,’’ ती म्हणाली. ‘‘ओलिक आणि लिनोलिक. लिनोलिकला हवा लवकर बाधते, मग तेल खवट होतं. दाण्यात एक कारागीर असतो म्हणा ना, तो ओलिकचं लिनोलिक करत बसतो. त्या कारागिराचं जनुक आम्ही बंद केलं. आता ओलिक तसंच राहतं.’’

‘‘म्हंजी कारागीर घरी बसवलात.’’

‘‘अगदी तसंच.’’

‘‘येकच होता काय?’’

मृणाली हसली. ‘‘बरोबर विचारलंत. दोन आहेत. जुळे भाऊ समजा. दोघांनाही बसवावं लागतं.’’

‘‘आनि त्यांचा पगार?’’ सोनूबाईने विचारलं, आणि सगळी प्रयोगशाळा हसली.

काम असं होतं. बारा बाटल्या गरम कपाटात ठेवलेल्या. सहांत नेहमीच्या भुईमुगाचं तेल, सहांत जनुक बंद केलेल्या नव्या भुईमुगाच्या सहा निरनिराळ्या ओळींचं, म्हणजे वाणांचं. बाटलीवर फक्त नंबर, दर फेरीला तोच; आत कुठलं ते वास घेणाऱ्याला ठाऊक नाही. चाखायची परवानगी नव्हतीच, नुसतं हुंगायचं. मधे फळ्या लावून पाचजणांना वेगळं बसवायचे आणि प्रत्येकाने कागदावर खूण करायची: ताजं, की खवट. शिवाय खवटपणा मोजणारं यंत्र होतंच. पण लोक तेल नाकाने घेतात, यंत्राने घेत नाहीत, असं मृणालीचं म्हणणं होतं. सोनूबाईला ते फार पटलं. आपल्या नाकाला कोणीतरी खुर्ची दिली, याचा तिला अभिमान वाटला, आणि तो तिने लपवलाही नाही.

पौषात तिला ताप आला. चार दिवस अंग मोडून राहिला आणि गेला. जाताना काय घेऊन गेला ते आठवड्याने कळलं. ती पडवीत बसली होती, आत चुलीवर सून दीपाली काहीतरी तळत होती. सोनूबाईने विचारलं, ‘‘आज कसली भाजी गो?’’ दीपाली जरा थांबली आणि म्हणाली, ‘‘बोंबील तळतंय.’’

सुके बोंबील! ज्यांचा वास पार खालच्या वाहत्या पऱ्यापर्यंत जातो, ते बोंबील चार हातांवर तळले जात होते आणि सोनूबाईला पत्ता नव्हता. ती उठून मागे गोठ्यात गेली. शेण हुंगलं. घरात येऊन हिंगाची डबी उघडली. काही नाही. ती घाबरली, आणि गोठ्यात परत जाऊन रडली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने सांगितलं, येईल परत, महिने लागतील, कदाचित येणारही नाही. तिने ते कोणालाच सांगितलं नाही. मुलगा दीपक जयगडला बंदरावर कामाला, त्याला फोनवर काय सांगायचं? गंगुबाई काजूगर घेऊन आली तेव्हा सोनूबाई नेहमीसारखी वाकली, हुंगली आणि म्हणाली, ‘‘चांगलं हायत.’’

प्रयोगशाळेत मात्र तिला एक युक्ती सापडली. तेलाचा ओघळ बाटलीच्या गळ्याशी सुकतो. तेल बिघडायला लागलं की तो ओघळ चिकट होतो, बोट धरतो. घरच्या डब्याच्या तोंडाशी तिने हे जन्मभर पाहिलं होतं. बाटली उचलताना ती अंगठा फिरवायची, मग नाकाशी नेऊन डोळे मिटायची. नाटक उत्तम वठलं. दोन फेऱ्यांत तिच्या खुणा इतरांशी तंतोतंत जुळल्या.

तिसऱ्या फेरीला बाटल्यांचे गळे स्पिरिटने पुसून लख्ख केलेले होते. नवा नियम. सोनूबाई बारा स्वच्छ बाटल्यांपुढे बसली आणि गळ्यावरून फिरवलेला तिचा अंगठा कोरडाच राहिला. उठून जावं असं वाटलं. पण फळीपलीकडून कागदाची सळसळ ऐकू येत होती, आणि तिने मान खाली घालून मागच्या खेपेचे नंबर आठवले. तेव्हा खवट होत्या त्या खवट, ताज्या होत्या त्या ताज्या. सात नंबर मागे ताजा होता. तिने ताज्यावर खूण केली.

तीन दिवसांनी दुपारी मृणाली जाळीघरात आली ती उत्साहातच. ‘‘मावशी, सात नंबरने आमची झोप उडवली होती. यंत्र म्हणतंय बिघडलं. नाकं दोन इकडे, दोन तिकडे. पण तुम्ही ताजं म्हटलंत! म्हणजे यंत्रातच गडबड. उद्या अहवाल पाठवते. सात नंबरच्या ओळीची रोपं जोमदार आहेत, पुढच्या हंगामात तिचंच बियाणं वाढवायचं.’’

सोनूबाईच्या हातात तण होतं, ते हातातच राहिलं. ‘‘यंत्र दुसऱ्यांदा लावून बगा की,’’ ती कशीबशी म्हणाली.

‘‘कशाला? तुमचं नाक आहे ना.’’

संध्याकाळच्या एसटीत तिने स्वतःशी बराच हिशेब मांडला. गप्प राहिलं तर कोणाला कळणार नव्हतं. बोललं तर खुर्ची जाणार, नाव जाणार, वाडीत हसं होणार. पण ती पोरगी यंत्रावर अविश्वास दाखवून बसली होती, तोही एका मेलेल्या नाकाच्या भरवशावर. खोट्या मालाला चांगला म्हणणाऱ्या दुकानदारांना सोनूबाईने जन्मभर नावं ठेवली होती. आता आपण कोण झालो, हा विचार तिला घरी पोचेपर्यंत सुटला नाही.

सकाळी केंद्राचं फाटक उघडायच्या आधी ती तिथे उभी होती. मृणाली स्कूटरवरून उतरली, आणि तिला हेल्मेट काढायलाही वेळ न देता सोनूबाई म्हणाली, ‘‘बाय, माला पौषापासून वास येत न्हाय.’’ मग अंगठ्याची गोष्ट सांगितली, स्पिरिटची सांगितली, आठवून केलेल्या खुणांची सांगितली. काही वगळलं नाही.

मृणालीचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ‘‘तीनही वेळा? मावशी, तुमच्यासाठी मी यंत्र बाजूला ठेवलं होतं.’’ एवढंच बोलून ती आत गेली. सोनूबाईला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अहवाल थांबला. सोनूबाईच्या सगळ्या खुणा बाद झाल्या, खुर्ची गेली. बेणणी राहिली. दहा-बारा दिवस मृणाली तिच्याशी कामापुरतंही बोलली नाही. मग एका सकाळी वाफ्याशी येऊन उकिडवी बसली.

‘‘सात नंबरच्या ओळीची पानं तपासली. एक भाऊ घरी बसलाय. दुसरा कामावरच आहे.’’

‘‘मेला!’’ सोनूबाई म्हणाली.

‘‘तेच बियाणं वाढवलं असतं तर दोन वर्षं फुकट गेली असती.’’ मृणालीने आपणहून दोन काड्या उपटल्या. एक भुईमुगाची निघाली. सोनूबाईने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि जाळीघरातल्याच कचऱ्याच्या पिशवीत टाकली. ‘‘राग गेलाय असं नाही,’’ मृणाली म्हणाली. ‘‘पण पाचवी खुर्ची रिकामी आहे. तुमच्या माहितीत कोणी असेल तर सांगा. खरं नाक असलेलं.’’

त्या दिवशी घरी जाऊन सोनूबाईने दीपालीला चुलीपाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. दीपाली भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

‘‘माला ठाव हाय, आई. बोंबलाच्या दिवसापासनं.’’

‘‘आनि बोलली न्हायस?’’

‘‘तुमीच बोलला न्हायत. मग मी कशी बोलू?’’ भाकरी तव्यावर पडली. ‘‘गंगुकाकूंचं काजूगर तुमी चांगलं म्हनालात, ते कडू लागलं होतं. मी मागच्या दारानं जाऊन आपल्यातलं देऊन आलंय. तेलाचा डबा तुमच्याकडं येतो, त्याच्या आधी मी हुंगतंय.’’

सोनूबाई पाटावर बसली. इतके महिने आपण एकटीच लपवतोय, असं तिला वाटत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि धुराचं निमित्त तिने केलं नाही.

बाहेर पडवीतून हाक आली. गंगुबाई आली होती, हातात सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या. तिने सवयीने एक वाटी सोनूबाईच्या तोंडापुढे धरली. ‘‘बग गो, चटणीला चालंल काय?’’

सोनूबाईने वाटी घेतली, पण नाकाशी नेली नाही. ‘‘माला आता वास येत न्हाय, गंगू. बरेच महिने झाले. तुजं काजूगर मी खोटं सांगितलंव.’’ सोनूबाईने आत वळून हाक मारली, ‘‘दीपाली, हात धुवून भायेर ये. आनि घाईनं हुंगू नको. आधी श्वास सोड, मग वाकायचं.’’